फील्डवर्क आणि ट्रेक दोन्हीला चालेल असं दणकट जीपीएस घड्याळ कुठलं?

कांदळवन_ऐरोली

नमस्कार मंडळी. मी ऐरोलीला राहते आणि ठाणे खाडीच्या काठाने कांदळवनात रोपांच्या आणि पक्ष्यांच्या नोंदी घेते. ओहोटीची वेळ बघून चिखलात उतरायचं, पाय गुडघ्यापर्यंत रुततात, एका हातात दुर्बीण असते नाहीतर काठी, आणि फोन झिपच्या पिशवीत घालून सॅकमध्ये खोल ठेवलेला. १० बाय १० मीटरचे प्लॉट आखलेत, त्यांचे कोपरे नोंदवायचे, पुढच्या महिन्यात तोच प्लॉट परत शोधायचा, मध्येच काही दिसलं तर त्या जागेची नोंद करायची. दर वेळी फोन काढायचा म्हणजे चिखलाचे हात, ओली स्क्रीन बोटाला दादच देत नाही, आणि तोवर पक्षी उडालेला असतो. म्हणून मनगटावर काहीतरी हवंय.

शिवाय सुट्टीला माहुली, गोरखगड, पेब असे ट्रेक चालू असतात, पावसाळ्यातही. बजेट तीस हजारांपर्यंत, त्यापुढे खरंच नाही. कॉल, गाणी, पेमेंट यातलं काहीही नको. खाऱ्या पाण्यात टिकायला हवं, उन्हात वाचता यायला हवं आणि नोंदवलेली जागा नंतर कॉम्प्युटरवर काढता आली पाहिजे. गार्मिन इन्स्टिंक्ट २ आणि अमेझफिट टी-रेक्स ३ या दोनांवर येऊन अडकलेय. ज्यांनी खरोखर रानात वापरलीत त्यांनी सांगा. यूट्यूबवर सगळे जण घड्याळ बादलीत बुडवून दाखवतात आणि संपलं.

येऊरची_पायवाट

बादलीचं अगदी खरं :) इन्स्टिंक्ट २ घ्या, डोळे मिटून. बाकी सविस्तर लिहिणारे येतीलच मागून.

पळापळ_खारघर

डोळे मिटून का घ्यायचं, उघडे ठेवून बघू या की. मी टी-रेक्स ३ वापरतो, सकाळी सेंट्रल पार्क आणि रविवारी खारघरच्या टेकड्या. १.५ इंची अमोलेड स्क्रीन आहे, चष्मा न लावता वाचता येते. नकाशे फुकट उतरवून घड्याळातच ठेवता येतात. इन्स्टिंक्ट २ मध्ये नकाशाच नाही, नुसती एक रेघ दिसते आणि त्या रेघेवर तुम्ही. जीपीएस पूर्ण अचूकतेवर ठेवून ४२ तास असा कंपनीचा दावा आहे, नुसतं घड्याळ म्हणून २७ दिवस. टच आहे पण चार बटणंही आहेत, टच बंद करून टाकायचा. आणि किंमत बजेटच्या बरीच आत. उरलेल्या पैशात चांगले गमबूट येतील ताई.

गारगोटी

मी काचेबद्दल लिहितो कारण त्याबद्दल कुणीच बोलत नाही. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, बेसॉल्टचा. त्यातल्या फेल्डस्पारचं काठिण्य मोजपट्टीवर ६ च्या आसपास आणि पोकळ्यांमध्ये जे गारगोटीचे खडे बसलेले असतात त्यांचं ७. घड्याळाची साधी काच, अगदी मजबूत केलेली धरली तरी, ६ च्या मागेपुढे. म्हणजे कातळाला हात लावून चढलात की गारगोटी काचेला ओरखडा काढणारच. सॅफायर काच ९, तिला गारगोटी काही करू शकत नाही, पण ती ठिसूळ असते, कडेवर नेमका घाव बसला तर तडकते, आणि या बजेटमध्ये ती येतही नाही. त्यामुळे बघायचं ते असं, की काच कडेपेक्षा खाली बसवलेली आहे का. इन्स्टिंक्टची आहे. उंच कड आधी दगडाला टेकते आणि काच वाचते. खाडीत हा प्रश्न नाही, चिखलात शिंपल्यांच्या कडा सोडल्या तर सगळं मऊच.

आणि ते बॉक्सवरचं मिल-एसटीडी-८१० बघून हुरळून जाऊ नका. ती अमेरिकन लष्कराची चाचण्यांची पद्धत आहे, प्रमाणपत्र नाही. त्यातल्या कुठल्या चाचण्या घ्यायच्या हे कंपनी ठरवते आणि पास झालो असंही कंपनीच सांगते.

चढणीला_चहा

माहुली म्हटलं की आसनगाव स्टेशनबाहेरचा वडापाव आठवतो. घड्याळ कुठलंही घ्या, पण सकाळची पहिली कसारा लोकल चुकणार नाही एवढा मोठा गजर त्यात हवा.

थिओडोलाइट

राहवत नाही म्हणून लिहितो. आयुष्य मोजणीत गेलं, आता निवृत्त, नौपाड्यात असतो. ताई, तुम्ही घड्याळ विचारलंत, पण त्याआधी तुमच्या प्लॉटबद्दल बोलू.

मनगटावरचं घड्याळ असो, फोन असो, उघड्या आकाशाखाली चूक साधारण ३ ते ५ मीटर धरून चाला. तुमचा प्लॉट १० मीटरचा. म्हणजे चार कोपरे घड्याळाने नोंदवलेत तर प्रत्येक कोपरा प्लॉटच्या निम्म्या रुंदीइतका इकडे-तिकडे जाऊ शकतो. नकाशावर तो चौकोन उमटेल तेव्हा एखादे वेळी पतंग दिसेल, एखादे वेळी पट्टी. त्यावरून क्षेत्रफळ काढलंत तर रोपांची घनता साफ चुकेल, आणि पुढे कुणीतरी तो आकडा अहवालात उचलेल. इन्स्टिंक्टमध्ये क्षेत्रफळ मोजायची सोय आहे, ती शेताला ठीक, दहा मीटरच्या चौकोनाला नाही.

त्यामुळे कामाची वाटणी करा. एक कोपरा पक्का धरा, तिथे खुंटी ठोका, रंग लावा, बाकीचे तीन कोपरे टेपने आणि कंपासने काढा. कर्णाची लांबी १४.१४ मीटर आली की चौकोन काटकोनात आहे. घड्याळाचं काम फक्त पुढच्या महिन्यात तुम्हाला त्या खुंटीपासून चार-पाच पावलांवर नेऊन सोडायचं. तेवढं या दोन्ही घड्याळांना जमतं. त्यापेक्षा जास्त अपेक्षा तीस हजारांच्या घड्याळाकडून करू नका आणि लाखाच्या घड्याळाकडूनही नाही.

जाता जाता, २००० सालच्या मेपर्यंत अमेरिकन सरकार नागरी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळायचं, शंभर-शंभर मीटरची तफावत यायची. ते दिवस मी पाहिलेत, त्यामुळे आजच्या पाच मीटरचं मला अप्रूप आहे.

कांदळवन_ऐरोली

थिओडोलाइट काका, मनापासून आभार. कोपऱ्यांचा विचार मी असा केलाच नव्हता, टेप तर आमच्याकडे आहेच. मग मला "नोंदव आणि परत ने" एवढंच हवंय, ते चिखलाच्या हाताने आणि झटपट. नकाशाची गरज खाडीत नाहीच, खाडी पाठ आहे. ट्रेकला मात्र नकाशा असता तर बरं असं वाटतं.

जुनाफोन_झिंदाबाद

माझं मत वेगळं आहे. घड्याळ घेऊच नका. घरात एखादा जुना फोन पडलेला असतोच, त्यात ऑसमॲन्ड हे नकाशाचं ॲप टाका, महाराष्ट्राचा नकाशा उतरवा, सिमसुद्धा नको. जीपीएसला नेटवर्क लागत नाही हे अजून निम्म्या लोकांना माहीत नाही, उपग्रह बोलतात आणि फोन ऐकतो, बस. वॉटरप्रूफ पाऊचमध्ये घालून गळ्यात लटकवा. स्क्रीन सहा इंची, नोंदीसोबत फोटो, वर नाव मराठीत टाइप करता येतं. खर्च पाऊचपुरता.

रानवाट

@जुनाफोन_झिंदाबाद, उन्हाळ्यात पटेल, पण जुलैत भीमाशंकरची शिडी घाटाची वाट चढताना गळ्यातला पाऊच शिडीला अडकतो, आतून वाफ धरते आणि पावसाचे थेंब स्वतःच स्क्रीन दाबत सुटतात. मी स्वतः पाहिलंय, थेंबांनी नकाशा झूम करून करून पार अरबी समुद्रात नेला होता. पावसात बटण हवं. माझ्यासाठी हा मुद्दा पहिला, बाकी सगळे नंतर. बोटं सुरकुतलेली, ओली, हातमोजे असले तर अजून वाईट, अशा वेळी न बघता दाबता येणारं बटण हीच खरी सोय.

फोन सोबत असावाच, नाही म्हणत नाही. पण तो कोरडा आणि चार्ज्ड राहायला हवा, कारण खरी वेळ आली की फोन करायला तोच लागतो. जीपीएस चालवून चालवून त्याची बॅटरी संपवायची आणि मग मदत मागायला काही उरत नाही, हे डोंगरात फार वेळा होतं.

पळापळ_खारघर

मान्य, पण टी-रेक्सला बटणं आहेत हे मी वर लिहिलंय.

रानवाट

हो वाचलं, ते टी-रेक्सबद्दल नव्हतंच, फोनबद्दल होतं. टी-रेक्सबद्दल माझा आक्षेप स्क्रीनचा. अमोलेड स्वतः उजेड पाडते, म्हणून ती सतत चालू ठेवली की बॅटरी पिते, आणि बंद ठेवली तर मनगट वळवल्यावर उजळायची वाट बघायची. एका हाताने कातळ धरलेला असताना मनगट कसं वळवणार? इन्स्टिंक्टची एमआयपी प्रकारची स्क्रीन उलट स्वभावाची, बाहेरचा उजेड परत फेकते, म्हणजे ऊन जितकं जास्त तितकी ती स्पष्ट. दिसायला साधी, काळी-पांढरी, दुकानात शेजारी ठेवली तर कुणी हात लावणार नाही. पण दुपारी दोनला कोकणकड्यावर उभं राहून बघा.

पळापळ_खारघर

टी-रेक्स ३ ची स्क्रीन २००० निट्सपर्यंत (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) जाते, उन्हात वाचता येते, मी रोज वाचतो. आणि रात्री हेडलॅम्पशिवाय नकाशा बघायचा तर अमोलेडच. तुमच्या एमआयपीला रात्री दिवा लावावा लागतो की नाही?

रानवाट

लागतो. रात्रीचं मान्य.

चढणीला_चहा

चला, खारघर आणि सह्याद्रीचा तह झाला. आता सौर चार्जिंगवर कुणीतरी भांडा.

येऊरची_पायवाट

मी आहे ना. इन्स्टिंक्ट २ सोलरच्या जाहिरातीत "अमर्याद बॅटरी" लिहिलेलं असतं, त्याखाली बारीक अक्षरात अट असते की रोज ३ तास ५०,००० लक्स (लक्स म्हणजे उजेडाचं माप) उजेड हवा. एप्रिलमध्ये येऊरच्या उघड्या माळावर हे सहज मिळेल. जुलैत? दाट ढग असताना त्याच्या दहाव्या हिश्शाएवढाही उजेड कधी कधी मिळत नाही, वर फुलशर्टाची बाही आणि रेनकोट. साध्या इन्स्टिंक्ट २ ला तसंही २८ दिवस आणि जीपीएस चालू असताना ३० तास आहेत. शनिवार-रविवारच्या ट्रेकला भरपूर झालं. सोलरचे जास्तीचे पैसे लडाखला जाणाऱ्याने द्यावेत.

ताईंचं काम मात्र उघड्या खाडीत आहे, ऑक्टोबर ते मे तिथे सावली नाहीच, त्यामुळे त्यांना त्याचा थोडा उपयोग होईल हेही खरं.

वाशीची_गच्ची

जरा वेगळा प्रश्न आहे, धागा भरकटवतेय म्हणून आधीच सॉरी. माझ्या फोनमधलं जीपीएसचं एक ॲप वाशीच्या खाडीपुलाजवळ उंची उणे ६० मीटर दाखवतं. पाण्याखाली साठ मीटर! फोन बिघडलाय का? आणि घड्याळातही असंच दिसतं का?

थिओडोलाइट

फोन उत्तम आहे ताई, आणि प्रश्न तर त्याहून उत्तम.

जीपीएस पृथ्वीला एक गुळगुळीत, किंचित चपटा गोल मानतं आणि उंची त्या गोलापासून मोजतं. खरी समुद्रपातळी मात्र गुळगुळीत नाही, जिथे पृथ्वीचं गुरुत्व कमी तिथे ती खाली दबलेली असते. आणि जगातला सगळ्यात मोठा खळगा आपल्या शेजारीच आहे, हिंदी महासागरात श्रीलंकेच्या दक्षिणेला, तिथे समुद्रपातळी त्या कल्पित गोलाच्या शंभराहून जास्त मीटर खाली आहे. त्या खळग्याचा उतार आपल्यापर्यंत पोहोचतो, मुंबईच्या आसपास साठ-पासष्ट मीटरचा फरक पडतो. काही ॲप ही दुरुस्ती न करता कच्चा आकडा दाखवतात. म्हणून तुम्ही कोरड्या पायांनी वाशीच्या पुलावर उभ्या आणि आकडा उणे साठ. घड्याळं ही दुरुस्ती करूनच उंची दाखवतात, त्यामुळे तिथे असं सहसा दिसत नाही.

वाशीची_गच्ची

बापरे! हे शाळेत का नाही शिकवलं कुणी. धन्यवाद काका, आज घरी सगळ्यांना सांगणार.

रानवाट

काका, भारी. उंचीचा विषय निघालाच आहे तर. ट्रेकवाल्यांना जीपीएसच्या उंचीपेक्षा हवेच्या दाबावरची उंची जास्त कामाची, ती एक-एक मीटरचा चढ दाखवते. पण ती दर ट्रेकला जुळवून घ्यावी लागते. साधारण साडेआठ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचं एकक) कमी होतो, घड्याळ त्यावरून हिशेब करतं. पण दाब हवामानानेही बदलतो. आपल्याकडे तर रोजच सकाळी दहाच्या सुमाराला दाब सगळ्यात जास्त आणि दुपारी चारच्या सुमाराला कमी असतो, तीन-चार हेक्टोपास्कलचा फरक. म्हणजे गुहेत नुसते झोपून राहिलात तरी घड्याळ पंचवीस-तीस मीटर चढउतार दाखवेल. लोक मग घड्याळ खराब म्हणून परत करायला निघतात.

जुळवायची सोपी जागा म्हणजे रेल्वे स्टेशन. पिवळ्या पाटीवर जिथे समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, तिथे उतरल्या उतरल्या तो आकडा घड्याळात घालायचा आणि चालू लागायचं.

गारगोटी

पाटीची आयडिया झकास. त्यात माझी भर, घड्याळातला कंपास कातळावर टेकवून वाचू नका. बेसॉल्टमध्ये लोहखनिज असतं, वीज पडलेल्या माथ्यावर तर कातळ चुंबकासारखा वागतो आणि दिशा भलतीच येते. उभं राहून, कातळापासून हात दूर धरून वाचा. आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात एक अंशाचाही फरक नाही, तेवढं एक सुख आहे.

नळीची_वाट

दोन बँडवालं, म्हणजे उपग्रहाचे दोन वेगळे सिग्नल ऐकणारं घड्याळ घ्यावं का यावर कुणी बोललं नाही. मी बोलतो. बेलपाड्यातून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर जाताना दोन्ही बाजूंना भिंती आणि वर आकाशाची एक चिंधी. तिथे उपग्रहाचा सिग्नल थेट येत नाही, भिंतीवर आपटून येतो, घड्याळाला वाटतं अंतर जास्त आहे आणि ट्रॅक भिंतीच्या आतून जाताना दिसतो. सांधण दरीतही तेच. जुना सिग्नल एल१, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. नवा एल५, ११७६.४५ वर, त्याची रचना दहापट बारीक, त्यामुळे थेट आलेला कुठला आणि आपटून आलेला कुठला हे घड्याळाला जास्त चांगलं ओळखता येतं. टी-रेक्स ३ दोन्ही ऐकतं, साधं इन्स्टिंक्ट २ फक्त एल१. हा टी-रेक्सच्या बाजूचा खरा मुद्दा आहे, स्क्रीनपेक्षा मोठा.

आपली भारताची उपग्रह यंत्रणा नाविक, तोही पहिल्यापासून एल५ वर आहे, आणि २०२३ च्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून एल१ वरही आलाय, म्हणजे पुढे स्वस्त उपकरणांनाही तो ऐकता यावा. इस्रोचं हे काम बघून छाती भरून येते.

थिओडोलाइट

नळीची वाट यांचं बरोबर आहे. फक्त खाडीत भिंती नाहीत, तिवरं डोक्याएवढी नाहीतर थोडी उंच, आकाश मोकळं. तिथे दोन बँडने फार काही बदलणार नाही. कुठे वापरणार त्यावर आहे.

पळापळ_खारघर

शेवटी कुणीतरी माझ्या घड्याळाची बाजू घेतली, नळीची वाटदादा तुम्हाला खारघरला चहा लागू.

बचाव_पनवेल

कामात होतो, आत्ता सगळा धागा वाचला. बचावकार्यात हाताला हात लावणाऱ्यांपैकी मी एक. दोन गोष्टी सांगतो, घड्याळ कुठलंही घ्या.

पहिली, घड्याळावर अक्षांश-रेखांश कसे वाचायचे आणि फोनवर कसे सांगायचे याचा घरी सराव करा. प्रबळगडाच्या बाजूला, इर्शाळच्या बाजूला वाट चुकलेले लोक फोन करतात आणि आकडे सांगतात, पण एकच जागा तीन प्रकारे लिहिता येते. नुसते अंश दशांशात, अंश आणि दशांश मिनिटं, किंवा अंश-मिनिटं-सेकंद. सांगणारा एका पद्धतीत सांगतो, लिहिणारा दुसऱ्या पद्धतीत लिहून घेतो आणि टीम पलीकडच्या सोंडेवर जाते. घड्याळात दशांश अंश ठेवा, सगळ्यात कमी गोंधळ. दशांशानंतर चार आकडे सांगितलेत तरी आम्ही दहा-अकरा मीटरपर्यंत पोहोचतो. तीनच सांगितले तर शंभर मीटरच्या आसपास, दरीच्या कडेला शंभर मीटर म्हणजे खूप. अखिल महाराष्ट्र गिर्यारोहण महासंघाच्या बचाव समन्वय केंद्राचा नंबर आणि ११२ फोनमध्ये ठेवा.

दुसरी, सॅटेलाइट मेसेंजर. आजकाल काही घड्याळांत थेट उपग्रहाने मेसेज पाठवायची सोय येतेय आणि परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांना लोक ती आणायला सांगतात. आणू नका. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असा मेसेंजर बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, गोवा आणि दिल्लीच्या विमानतळांवर परदेशी पर्यटकांना त्यासाठी पकडलंय. नुसतं जीपीएस ऐकणाऱ्या घड्याळाला काहीही अडचण नाही.

कांदळवन_ऐरोली

@बचाव_पनवेल, खूप महत्त्वाचं लिहिलंत, सगळ्या टीमला पाठवतेय. आमच्यात अजूनही प्रत्येक जण वेगळ्या पद्धतीत लिहितो आणि मग एक्सेल भरणारीचे हाल होतात.

थिओडोलाइट

मग एकदाच ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा, डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं तो पृथ्वीचा ठरावीक आकार), दशांश अंश, पाच आकडे. मीटरमध्ये हवं असेल तर यूटीएम ही मीटरच्या चौकटीची पद्धत, आपला झोन ४३. त्यात दोन खुंट्यांमधलं अंतर वजाबाकीने काढता येतं, चिखलात उभं राहून सोपं पडतं. जुने टोपोशीट वापरणार असाल तर आधी डेटम, म्हणजे मोजणीचा आधार कुठला ते बघा, जुन्या शीटा एव्हरेस्ट नावाच्या जुन्या आधारावर आहेत, घड्याळातला बिंदू त्यावर जागेवर बसणार नाही. २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या ओपन सीरिजच्या शीटा डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत.

खाऱ्या_पाण्याचा

मी मासेमारीवाल्या घरातला, दिवाळे गावचा. सगळ्यांनी दगड, दरी, उपग्रह सांगितलं, पण ताई खाडीत जाणार आहेत हे विसरले. घड्याळ मारतं ते मीठ. १० एटीएम (पाण्याच्या दाबाचं माप) लिहिलंय म्हणजे पाणी शिरणार नाही, खरं, पण ती चाचणी स्थिर दाबाची आणि नव्या सीलची असते. खारं पाणी बटणाच्या फटीत वाळलं की मिठाचे कण राहतात, बटण करकरतं, मग अडकतं. मागच्या बाजूच्या चार्जिंगच्या पिनांवर मीठ आणि घाम दोन्ही बसतं, त्यात ओलं असतानाच चार्जर लावला की पिना काळ्या पडतात. आणि दाब मोजायची जी बारीक छिद्रं असतात ती चिखलाने बुजली की उंची काय वाट्टेल ती येते.

घरी आलं की पहिलं गोड्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवायचं, पाण्यातच बटणं दाबायची नाहीत, बाहेर काढून पुसून कोरडं करायचं, मगच चार्जर. छिद्रात टाचणी घालायची नाही, कितीही मोह झाला तरी. जुना मऊ टूथब्रश पुरे. आमच्याकडे बोटीच्या जीपीएसलाही हेच करतात.

रेंजमन_मुलुंड

कुणी साध्या जी-शॉकचं नाव घेतलं नाही याचं वाईट वाटलं. जीडब्ल्यू-९४००, रेंजमन. २०१३ पासूनचं मॉडेल, सौर, २०० मीटरपर्यंत पाणी, दाब, उंची, कंपास, तापमान सगळं. चार्जर नावाची वस्तूच नाही, म्हणजे वर सांगितलेला पिनांचा प्रश्नच मिटला. जीपीएस नाही, कबूल.

येऊरची_पायवाट

धाग्याच्या नावातच जीपीएस आहे हो :) पण रेंजमन सुंदर आहे यात वाद नाही. काही वर्षांनी आपल्या दमट हवेत रेझिनचा पट्टा आणि बेझल (काचेभोवतीची कड) तुकडे होऊन गळायला लागतात, तेवढा बदलायचा खर्च धरून ठेवा.

नाखवा_नको

हॅन्डहेल्ड, म्हणजे हातात धरायचं जीपीएस यंत्र, का नाही? गार्मिन ईट्रेक्स, दोन पेन्सिल सेलवर २५ तास, सेल कुठल्याही टपरीवर मिळतात, आणि एकाच जागी थांबून सरासरी काढायची सोय आहे, खुंटी नोंदवायला त्याहून चांगलं काही नाही.

थिओडोलाइट

खुंटी पहिल्यांदा नोंदवताना हॅन्डहेल्ड उत्तम, शंका नाही. एखाद्या संस्थेकडून ते एका दिवसापुरतं आणा, सगळ्या खुंट्या सरासरीने नोंदवून घ्या आणि तेच आकडे घड्याळात भरा. रोजच्या शोधाला मग घड्याळ.

कांदळवन_ऐरोली

मंडळी, उशिरा लिहितेय पण प्रयोग करून लिहितेय. येऊरची पायवाट यांनी त्यांचं इन्स्टिंक्ट २ आणि पळापळ यांनी टी-रेक्स ३ वापरायला दिलं, दोघांचेही खूप आभार, दोन्ही धुऊन पुसून परत केलीत (गोड्या पाण्यात, टाचणी न घालता!). ओहोटीला एकाच फेरीत दोन मनगटांवर दोन घालून गेले.

खुंटी शोधायला दोन्ही सारखीच, काका म्हणाले तसं काही पावलांवर नेऊन सोडतात, मग रंग दिसतोच. फरक पडला तो नोंदवताना. इन्स्टिंक्टमध्ये जागा नोंदवायचं काम एका बटणाला लावून ठेवलं होतं, ते धरून ठेवलं की झालं, दुर्बीण डोळ्यावरून काढावीसुद्धा लागली नाही. टी-रेक्सची स्क्रीन जास्त देखणी आहे आणि नकाशा बघून खरंच मोह झाला, पण चिखल उडाल्यावर पुसल्याशिवाय वाचता येईना, इन्स्टिंक्टची मोठी ठळक अक्षरं चिखलाच्या ठिपक्यांमधूनही वाचता आली. ५२ ग्रॅमचं आहे, मनगट दुखलं नाही.

तर इन्स्टिंक्ट २ घेतेय, साधं, सोलर नसलेलं. ट्रेकचा नकाशा फोनमध्ये राहील.

पळापळ_खारघर

वाईट वाटलं पण कारण पटलं. नळीच्या वाटेला जायचं झालं तर माझं घेऊन जा, केव्हाही.

नाखवा_नको

अभिनंदन. एक युक्ती, कुठल्याही कंपनीच्या घड्याळात चालते. चालण्याचा ट्रॅक चालू ठेवून प्रत्येक नोंदीला लॅपचं बटण दाबायचं आणि वहीत लॅपचा नंबर लिहायचा. घरी फाइल उघडली की प्रत्येक लॅप कुठे आणि किती वाजता सुरू झाला ते मिळतं, म्हणजे जागा आणि वेळ दोन्ही. फक्त फाइल मूळ .fit किंवा .tcx स्वरूपात काढा, .gpx मध्ये लॅप गळून जातात.

कांदळवन_ऐरोली

हे तर पक्षीगणनेला फारच उपयोगी आहे, वेळ लिहायचा त्रास वाचला! पट्टा कुठला लावू, सिलिकॉनच ठेवू की नायलॉन?

खाऱ्या_पाण्याचा

खाडीला सिलिकॉन. नायलॉन मीठ धरून बसतं आणि मनगटाला खाज सुटते. एक भोक सैल बांधा, आणि घरी आलं की आतल्या बाजूनेही धुवा.